विहिरीवरच्या बाभळीचा परवाना

एका माळरानात, खोल विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांचा एक थवा राहत असे. तिथला नियम मात्र कडक होता, बरं का बाळांनो! म्हाताऱ्या सुगरणीने परीक्षा घेऊन परवाना दिल्याखेरीज कोणीही फांदीला घरटे टांगायचे नाही. कारण एका साली कच्च्या विणीचे घरटे पिलांसकट विहिरीत पडले होते. परवाना हुकला की त्या मोसमात ना घरटे, ना जोडीदारीण, ना पिले.

जवळच्या आंब्यावर एक पोपट या परीक्षेचा क्लास चालवी. म्हातारीने दहा वर्षांत विचारलेले सगळे प्रश्न त्याला तोंडपाठ होते. एक चुणचुणीत तरुण सुगरण पक्षी तिथे जाऊन दिवसभर उत्तरे घोकत बसे. त्याचा थोरला चुलतभाऊ मात्र गवताच्या पात्यांना गाठी मारी, सोडी, पुन्हा मारी. त्याची तीन घरटी सुटून पडली. "अरे दादा, गाठ मारायला सांगतच नाहीत! दहा वर्षांत एकदाही नाही," धाकटा हसून म्हणे.

परीक्षेच्या दिवशी म्हातारीने धाकट्याला फांदीच्या टोकावर बसवून विचारले, "आत्ता वारा कुठून येतोय?"

"पश्चिमेकडून!" प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याने ठोकून दिले. आणि गंमत पाहा, त्या दिवशी वारा होता पूर्वेचा. त्याचीच पिसे पश्चिमेकडे उडत होती, पण बिचाऱ्याला पत्ताच नाही! मग म्हातारीने त्याच्यापुढे गवताचे पाते टाकले. त्याने तीनदा गाठ मारली, तीनदा ती सुटली.

थोरल्याने आधी मान वळवून वारा अंगावर घेतला. "आत्ता पूर्वेकडून आहे, आजी. पावसाळ्यात पश्चिमेचा सुटेल, म्हणून घरटं मी पूर्वेच्या अंगाला टांगीन." त्याने मारलेल्या गाठीला म्हातारी स्वतः लोंबकळली. गाठ हलली नाही. त्याला परवाना मिळाला.

धाकटा रडकुंडीला आला. "आजी, माझं अख्खं वर्ष वाया जाईल हो!"

म्हातारीलाही वाईट वाटले. ती म्हणाली, "जाईल रे बाळा. पण जरा खाली बघ. ही विहीर काही जुने प्रश्न विचारत नाही."

धाकटा तडक पोपटाकडे गेला. "गुरुजी, मला गाठ मारायला शिकवा."

"गाठ?" पोपट डोळे मिचकावत म्हणाला. "ती मला कुठे येते? सुतारपक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोलीत राहतो मी. घरटं जन्मात बांधलं नाही."

धाकटा एक पाते चोचीत धरून बाभळीवर परतला आणि हळूच म्हणाला, "दादा, पहिली गाठ कशी मारतोस रे?"

तात्पर्य : उत्तरे पाठ करून एखादी परीक्षा पार पडेलही, पण जिच्यावर दुसऱ्यांचे जीव टांगायचे, ती गाठ स्वतःलाच मारता आली पाहिजे.