मुस्कीचा चौथा खड्डा

माणसांनी नद्यांना बांध घातले त्याच्याही फार आधी, एका जंगलात प्राण्यांचं विद्यापीठ होतं. तिथे स्वतःचा धंदा उभा करायला शिकवत. मुस्की नावाच्या रानडुकरिणीने ठरवलं, कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणायचा आणि कंदमुळांच्या बदल्यात वाटसरूंना पाणी द्यायचं.

तिचे तीन खड्डे कोरडे निघाले. खड्ड्यांभोवती जमलेल्या वर्गात हशा पिकला. कुलगुरू सांबर म्हणाले, "सगळे डोहाकाठी धंदा करतात, तूही तिथेच बस. नाहीतर नाव काढून टाकीन."

मुस्कीला रडू फुटलं. तिच्या शिक्षिका कासवबाई मात्र तिच्याबरोबर एकेका खड्ड्यात उतरल्या.

"कुठली वाळू गार लागली गं?"

"तिसऱ्या खड्ड्यातली. करंजाच्या झाडाच्या बाजूची."

"मग रडतेस कशाला?" असं म्हणून कासवबाई कुलगुरूंकडे वळल्या. "हिचं नाव काढायचं असेल, तर आधी माझं काढा."

मुस्कीने डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर करंजापाशी खणायला घेतलं. दगड लागले, नाकाड सोललं, तरी ती थांबली नाही. संध्याकाळी खड्ड्यात नितळ पाणी साचलं.

कुलगुरू खूश झाले. "उद्यापासून सगळा वर्ग इथेच खणेल!"

मुस्की त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. "नाही सर. मी तीनदा चुकले, म्हणून मला ही जागा कळली. त्यांनाही आपापल्या जागी चुकू द्या."

कुलगुरूंनी शिंगं रोखली. मुस्की हलली नाही. कासवबाई सावकाश चालत आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.