नाव खार, जीव गोडात

खारीचे दात जन्मभर वाढत राहतात, हे ठाऊक आहे का तुम्हाला? म्हणून तर ती सारखी काहीतरी कुरतडत असते.

फार वर्षांपूर्वी एका शाळेमागच्या कवठाच्या झाडावर एक खार राहायची. एकदा तिने मुलांनी टाकलेला चॉकलेटचा कागद चाटला आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही रुचेना. मुलांनी सांडलेलं मऊ चॉकलेट खाऊन खाऊन तिचे दात इतके वाढले, की तोंड मिटेना आणि साधी शेंगही फुटेना.

"नाव खार आणि जीव गोडात," कावळा म्हणाला.

"हसू नकोस रे दादा. अशानं उपाशी मरेन मी."

"मग माझं कवठ फोड," झाड म्हणालं. "आतला गर चॉकलेटसारखाच तपकिरी असतो."

"पण किती टणक आहे ते."

"म्हणून तर तुला सांगितलं."

झाडाने एक पिकलेलं कवठ खाली टाकलं. खार दिवसभर कुरतडत बसली. संध्याकाळी भोक पडलं, तोवर दातही झिजले होते. गर आंबटगोड होता. तिने बोटंसुद्धा चाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्याने तिला चॉकलेटचा कागद आणून दिला. खारीने तो नव्या कवठाखाली अंथरला, म्हणजे गर मातीत सांडायला नको.