एक इंच जास्तीची पायरी

“माझ्या घरात उणं काय आहे, तेवढं सांगा.”

भूपाल हेरवाड्यांनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तकियाच्या कट्ट्याखाली उभं राहूनच त्यांनी विचारलं.

तकियात राहणारे फकीर मदारबाबा गोधडीला टाका घालत होते. त्यांनी दोरा दातानं तोडला.

“कुणाच्या घरात?”

“माझ्या. मी बांधलेल्या.”

बाबांनी सुईत दुसरा दोरा ओवायला घेतला. डोळ्यांना धड दिसत नाही, पण दुसऱ्याला ओवू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान तकियाला लागूनच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, मग मी कट्ट्यावर येऊन बसतो. म्हणून हे सगळं मला ठाऊक. नाहीतर हेरवाडे इंजिनियर आपल्या घरची गोष्ट आमच्यासारख्याला कशाला सांगतायत.

हा माणूस तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होता. ताठ. देवापुढंसुद्धा मान किती वाकवायची ते ठरलेलं. अशा माणसानं फकिराच्या दारात यायचं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं असणार.

“सतरा जण बघून गेले,” ते म्हणाले. “सगळे ‘कळवतो’ म्हणाले. एकानंही कळवलं नाही. घराला नजर लागली असेल तर दोरा द्या. माझा विश्वास नाही, पण द्या.”

“इतकी घाई?”

 हेरवाडे खालच्या आवाजात सांगायला लागले.

त्यांच्या बायकोची, शांताबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तीनदा एसटीनं सांगलीला जायचं, तीनदा परत यायचं. येताना त्या दोनदा गाडीतच बेशुद्ध पडल्या होत्या. सांगलीत दवाखान्यामागच्याच गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या, पण इथलं घर विकल्याशिवाय त्या घेता येत नव्हत्या. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता. महिन्याचे अकरा दिवस उरले होते.

“पुढच्या महिन्यात तिला एसटीत बसवता येईल असं मला वाटत नाही… बाबा.”

बाबा हा शब्द त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघाला.

बाबांनी सुई गोधडीत खोचली.

“घराला काय काय केलंस?”

“सगळं केलं. रंग दिला. फोटो उतरवले, खिळ्यांची भोकं बुजवली. गिऱ्हाईक यायच्या दिवशी भांडीकुंडी पोत्यांत भरून माळ्यावर टाकतो. चार खुर्च्या, एक टेबल आणि एक कपाट, बस्स. लोक यायच्या आधी उदबत्ती लावतो. दिवसाढवळ्या सगळे दिवे लावतो. डोळ्यांत खुपेल अशी एक वस्तू ठेवलेली नाही.”

“दोरा न्हाई माझ्याजवळ,” बाबा काठी टेकत उठले. “चल, मीबी बघून कळवतो.”

मला हसू आलं. हेरवाड्यांना नाही आलं.

मीही त्यांच्यामागं गेलो. घराला पुढं तीन पायऱ्या. वरच्या पायरीला बाबांना ठेच लागली. मी धरलं म्हणून बरं.

“जपून,” हेरवाडे म्हणाले. “इथं सगळेच अडखळतात, का कोण जाणे.”

आत रंगाचा आणि उदबत्तीचा वास होता. घर नवीन उघडलेल्या पतपेढीसारखं दिसत होतं. हेरवाड्यांनी पाठ केलेलं सुरू केलं… काळ्या दगडाचा पाया, सागवानी चौकटी, एकतीस वर्षांत तडा नाही.

“लेव्हलची नळी मी स्वतः धरली होती. सूतभर फरक सापडणार नाही.”

चार खुर्च्या सोडून बाबा खाली फरशीवर बसले.

“पाणी दे.”

हेरवाडे स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ काही वाजलं नाही. मग तसेच परत आले.

“पेले माळ्यावर आहेत.”

“तांब्या?”

“तोही माळ्यावर आहे. शिडी शेजाऱ्यांकडे… आणतो मी.”

“सतरा जणांतल्या कुणालाच पाणी दिलं न्हाईस?”

“ते घर बघायला आले होते, बाबा.”

“मीबी तेच बघतोय.”

तेवढ्यात दारात सावली पडली. शांताबाई होत्या. अंगानं अगदी काडी झालेल्या, डाव्या हाताला पट्टी, उजव्या हातात शेजारणीचा तांब्या आणि त्यावर पालथे घातलेले दोन पेले. पायऱ्यांकडं न बघताच त्या वर आल्या. वरच्या पायरीला पाय आपोआप जरा जास्त उचलला गेला.

“शेजारच्या ओट्यावरून दिसलात,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, बाबा आलेत आणि ह्यांना पेला सापडायचा नाही.”

बाबांनी पाणी घेतलं. मग शांताबाईंनी माझाही पेला भरला, काठोकाठ. त्यांना स्वतःला डॉक्टरांनी दिवसाकाठी दोनच पेले पाणी सांगितलंय, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मी थेंबही न सांडता तो संपवला.

“तू तिकडं काय करत होतीस, माय?”

शांताबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. हेरवाड्यांचे कान लाल झाले होते.

“लोक यायचे असले की मी इंदूताईंकडं जाऊन बसते. घरात आजारी माणूस दिसलं की लोकांना वाटतं, हे घर लाभत नाही… यांचं चुकत नाही, बाबा. माझ्यासाठीच चाललंय ना सगळं.”

हेरवाडे भिंतीकडं बघत राहिले. बघायला भिंतीवर काही उरलं नव्हतं.

मला राग आला होता. सांगून टाकतो, फार राग आला होता. सतरा वेळा त्या बाईला स्वतःच्या घरातून उठवून शेजारी नेऊन बसवलं होतं. पण बाबा रागावले नाहीत. ते हेरवाड्यांना एवढंच म्हणाले,

“आत्ता आलं बघ घर.”

…

“माय, तू दाखव मला.”

शांताबाई पदर खोचून निघाल्या. मागची खिडकी त्यांनी उघडली. “ही नुसती ढकलून उघडत नाही. आधी वर उचलायची, मग ढकलायची. दुपारचं वारं इथून येतं.” कपाटाजवळ थांबल्या. “ह्याच्यामागचा कोपरा पावसाळ्यात ओल धरतो. इथं कपाट ठेवू नये, वारं लागू द्यावं.”

“तो कोपरा कशाला दाखवतेस?” हेरवाडे कळवळून म्हणाले.

“इथं राहणाऱ्याला तो दिसणारच आहे की.”

मधल्या खोलीत त्या वाकल्या आणि फरशीवर तळहात ठेवला.

“दवाखान्यातून आले की मी इथं पाठ टेकते. अंगाची नुसती आग होत असते. ही फरशी भर उन्हाळ्यातही गार असते, बाबा. हिचे फार उपकार आहेत माझ्यावर. माणसानं केलं नसतं इतकं हिनं केलं.”

मग हसून म्हणाल्या, “आणि पुढची वरची पायरी एक इंच जास्त उंच आहे. ह्यांच्या हातून चुकलंय. एकतीस वर्षं झाली, कबूल करत नाहीत.”

हेरवाड्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

पाच वाजता अठरावं गिऱ्हाईक यायचं होतं. ते वेळेवर आलं. पोस्टातला कुंभार नावाचा तरुण आणि त्याची बायको, पाच महिन्यांची गरोदर. दोघं फाटकाशी दिसले तसा हेरवाड्यांचा हात सवयीनं शेजारच्या घराकडं वळला. “शांता, तू…”

 बाबांनी रिकामा पेला तेवढा खाली ठेवला.

…हात तसाच हवेत राहिला.

मग हेरवाड्यांनी टेबलाजवळची एक खुर्ची उचलली. दारापाशी नेऊन ठेवली, आपल्या उपरण्यानं पुसली आणि म्हणाले, “तू इथं बस.”

ते स्वतः पायऱ्या उतरून खाली गेले.

“या. वरची पायरी बघून या,” त्यांनी त्या पोरीला सांगितलं. “एक इंच जास्त आहे. चूक माझी आहे.”

शांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मीही तोंड दुसरीकडं फिरवलं.

पोरगी वर आली. तिची नजर आधी पट्टीवरच गेली.

“तुम्हाला बरं नाही का, काकू?”

“आजारी मी आहे, बाळ. घर आजारी नाही. घरानं सांभाळलं म्हणून अजून बसलेय इथं.”

तिला पाणी मिळालं. खिडकी कशी उघडायची ते कळलं. ओलीचा कोपरा कळला. हेरवाड्यांनी स्वतःच कपाट सरकवून दाखवला आणि तो नीट करून द्यायचं कबूल केलं. मधल्या खोलीत येऊन ती पोरगी फरशीवर टेकली आणि तिनं सुजलेले पाय लांब केले. नवऱ्यानं दोनदा उठ म्हटलं.

“थांबा की जरा,” ती म्हणाली. “इथं किती बरं वाटतंय.”

कळवतो हा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही. नवव्या दिवशी व्यवहार पुरा झाला.

जायच्या दिवशी सकाळी दारात टेम्पो उभा होता. शेजारीपाजारी जमले होते, बाबा आणि मीही होतो. इंदूताई रडत होत्या. शांताबाईंनी पोत्यातून आपला एक तांब्या आणि एक पेला काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला होता, भरून. किल्ली घ्यायला आलेल्या त्या पोरीला म्हणाल्या, “हे तुला राहू दे. माळ्यावर टाकू नकोस.”

हेरवाड्यांनी नावाची पाटी उतरवली. ती काखेत धरून ते उंबऱ्यातच उभे राहिले. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. किल्ली मुठीत घट्ट होती.

“बाबा,” त्यांचा आवाज फुटला. “माझं घर… पाय निघत नाही हो.”

बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग आत वळून त्या पोरीला हाक मारली.

“माय, पाहुणे निघालेत. पाणी दे त्यांना.”

हेरवाडे चमकले. “पाहुणे?”



पोरगी तांब्या-पेला घेऊन आली. लाजत लाजत तिनं पेला भरला आणि पुढं केला. हेरवाड्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि पेला घेतला. एकतीस वर्षं ज्या नळाचं पाणी ते पीत होते, तेच पाणी. अर्धं प्याले. उरलेलं शांताबाईंपुढं धरलं.

“द्या,” त्या म्हणाल्या. “माझं आजचं पाणी अजून शिल्लक आहे.”

त्यांनी ते सावकाश संपवलं. पेला परत हेरवाड्यांच्या हातात आला. त्यांनी आत पाहिलं, बाहेर पाहिलं. त्या घरात पेला ठेवायची जागा त्यांना सुचेना. त्यांनी चौकटीला हात लावला, तोच हात कपाळाला लावला, आणि मान वाकवली… नेहमीपेक्षा बरीच जास्त.

“पेला कुठं ठेवू?” त्यांनी हळूच विचारलं.

बाबा म्हणाले, “तिच्या हातात दे. अन् उतरताना जपून, ती पायरी एक इंच जास्त हाय.”