डाव्या हाताची नाडी

चांदणगडच्या हिंदुराव महाराजांचा कायदा असा होता की राजवैद्यावर तक्रार करायला कुणालाही मोकळीक; पण ती शाबीत झाली नाही, तर तक्रारदाराने घरादारासकट राज्य सोडायचं. राजवैद्य रायाजीराव हे राणीसाहेबांचे सख्खे भाऊ, हा केवळ योगायोग! दवाखान्याविरुद्ध कधीच तक्रार येत नाही, याचं महाराज येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगत.

मंजुळा तेलिणीची गोदूआत्या तापाने फणफणली, म्हणून तिला या दवाखान्यात ठेवलं होतं. नातेवाइकांना आत मज्जाव होता. एकदा पहारेकऱ्याचा डोळा लागला, तशी मंजुळा आत शिरली आणि जागीच थबकली. आत्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, उशाला पाण्याचा थेंब नव्हता, ताप होता तसाच होता. वैद्यराज एकदाही फिरकले नव्हते. मंजुळाने आत्याला पाठुंगळीस घेतलं आणि घर गाठलं.

आता तक्रार करायची की नाही? करायलाच हवी, यावर सगळ्या आळीचं एकमत झालं. साक्षीला कोण येणार, असं विचारताच सगळ्यांना घरची कामं आठवली. बाप म्हणाला, जीव वाचला हेच पुष्कळ. आत्याने कण्हत विचारलं, "हद्दीपार जायचं झालं तर मला उचलणार कोण गं?"

मंजुळाला रडू आलं आणि संतापही. या अवस्थेत घर सोडायचं म्हणजे आत्याचा वाटेतच शेवट. पण गप्प बसावं, तर त्या दालनात अजून माणसं पडलेली होती. शेवटी आत्याला डोलीत घालून ती दरबारात गेली. डोली दाराबाहेर ठेवली आणि एकटीच पुढे झाली.

सगळं ऐकून महाराजांनी मिशीवर हात फिरवला. "वैद्य आला, हे कुणीही दाखवील. वैद्य आलाच नाही, हे तू कशानं दाखवणार? दाखवलंस तर हवं ते माग. नाहीतर सामान बांध."

"मग माझी तक्रारच नाही, महाराज," मंजुळा म्हणाली. "आत्या जगली, त्याबद्दल वैद्यराजांचे आभार मानते. एवढ्या मोठ्या माणसानं गरिबाला कसं तपासलं, ते दरबारालाही कळू द्या."

रायाजीराव खुलले. शेला सावरत पुढे आले. "रोज सकाळ-संध्याकाळ मी जातीनं जात होतो. पुरुषाची नाडी उजव्या हाताची, बाईची डाव्या. म्हातारीच्या डाव्या हातातली काकणं मागे सारायची, मनगटावर बोटं ठेवायची, आणि मगच औषध."

"उजवा हात नसेल ना? नीट आठवा, सरकार."

"तू मला शास्त्र शिकवतेस? डावाच! राणीसाहेबांची शपथ."

मंजुळाने डोली आत आणवली आणि आत्याच्या अंगावरचं पांघरूण दूर केलं. गोदूआत्याचा डावा हात कोपरापासून नव्हताच. लहानपणीच तो तेलाच्या घाण्यात सापडला होता.

"महाराज, एवढ्या वर्षांत आम्हाला हा हात कुठं दिसला नाही. वैद्यराजांना तो रोज दोनदा सापडत होता, काकणांसकट. कुठं ठेवलाय, तेवढं विचारा."

दरबारात खसखस पिकली. महाराजांनाही हसू आवरेना. "माग, काय हवं ते माग!"

"वैद्यराजांची कंबर दुखते म्हणे. त्यांना त्यांच्याच दवाखान्यात ठेवावं. आत्याची खाट रिकामीच आहे."

रायाजीरावांनी महाराजांचे पाय धरले. "हवं तर हद्दपार करा, महाराज, पण तिथं नको!"

महाराज पोट धरून हसले. "पोरी, याच्यापेक्षा मोठा साक्षीदार तुला कुठं मिळाला असता?"

त्यांनी आपलं सोन्याचं कडं काढून गोदूआत्याच्या उजव्या हातात घातलं आणि दवाखान्याची देखरेख मंजुळाकडे सोपवली. रायाजीरावांची खाट त्याच संध्याकाळी लागली.