तीनशे सत्त्याऐंशी सीसी

"तीस सीसी फुकटात मिळायलेत मिस्त्री, मग अडलंय कुठं?"

धैर्यशीलनं हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. तातोबा मिस्त्री सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. एक काच पुसली. मग दुसरी...

नाव धैर्यशील, पण धीर औषधालाही नाही. चार वर्षं मिस्त्रींच्या याच दुकानात राहून तो सिलेंडर बोअर करायला, म्हणजे आतून कापून रुंद करायला, शिकला, आणि मग नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. तेव्हापासून गाडी बांधण्यात आपला हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

वाघजाईच्या चढावरची मोटारसायकलींची शर्यत मात्र त्याच्या मतावर चालत नव्हती. सात वळणांचा घाट, आणि गेली दोन्ही वर्षं धैर्यशील दुसरा. रविवारी पुन्हा शर्यत होती. यंदाही दुसरा आलो तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, या विचारानं त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

म्हणून आपल्या जुन्या साडेतीनशेच्या गाडीचा सिलेंडर काढून त्यानं मिस्त्रींपुढं आणून ठेवला होता. बोरिंगचं मशीन त्याच्याकडंही होतं. पण एवढं कापायचं म्हटल्यावर स्वतःच्या हाताची खात्री वाटेना. हे अर्थात तो कुणाला सांगणार नव्हता.

"परत सांग," मिस्त्री म्हणाले.

धैर्यशील फरशीवर उकिडवा बसला आणि खडूनं लिहायला लागला.

"आतला बोअर सत्तर मिलीमीटरचा. सत्तर गुणिले सत्तर. त्याला पॉइंट सात आठ पाच चारनं गुणायचं. मग पिस्टन वरखाली जातो ते अंतर, नव्वद. हजारानं भागलं की झाले तीनशे शेहेचाळीस सीसी." खडू मोडला. त्यानं तुकड्यानंच पुढं रेटलं. "आता सत्तरचं त्र्याहत्तर करा. त्र्याहत्तर गुणिले त्र्याहत्तर... तीनशे शहात्तर! तीन मिलीमीटरला तीस सीसी. पिस्टनपण गावलाय, दुसऱ्या गाडीचा."

"गणित बरोबर हाय."

"मग कापा की!"

मिस्त्रींचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. तो नेहमीसारखा समोरच्या खोक्यावर सरळ ठेवलेला होता. कुणी म्हणे लेथ अंगावर पडलं, कुणी म्हणे लहानपणचं दुखणं. चार वर्षांत धैर्यशीलनं कधी विचारलं नव्हतं. त्याला विचारायला कायम दुसरंच काहीतरी असायचं.

"मिस्त्री, आज शुक्रवार हाय..."

"व्हय."

"उद्या गाडी बांधायची, परवा चढवायची. तुम्ही नाही म्हणत असाल तर तसं तरी सांगा. मी मिरजेला नेतो."

मिस्त्रींनी खिडकीकडं बोट केलं. तिथं एक जुना सिलेंडर उभा होता. त्यात पेन्सिली, कानस आणि करवतीची पाती खोचलेली असत. दुकानात झाडू मारायचा तेव्हा धैर्यशील रोज त्याच्या भोवतीनं फडकं फिरवायचा. उचलला मात्र कधी नव्हता.

"त्याचं काढ."

"काय काढू?"

"सीसी. गाडी तुझ्याच जातीची. स्ट्रोक नव्वद."

वेळ जात होता. चिडून त्यानं पाती नि पेन्सिली उपसून टेबलावर टाकल्या, होता तिथंच सिलेंडरच्या तोंडाला व्हर्नियर लावला आणि आकडा वाचला. पुन्हा लावला. पुन्हा वाचला.

"चौऱ्याहत्तर?"

"गणित कर."

ते त्यानं आधीच सुरू केलं होतं. चौऱ्याहत्तर गुणिले चौऱ्याहत्तर... खडू फरशीवर करकरला.

"तीनशे सत्त्याऐंशी!" तो उठून उभाच राहिला. "एक्केचाळीस सीसी जास्त! मिस्त्री, चार वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तुम्ही बोलला नाही? मला त्र्याहत्तर नको. चौऱ्याहत्तरच करा. कुणी कापलाय हा? हात बघा, काय सरळ गेलाय..."

मिस्त्री उठले. पाय ओढत खिडकीशी गेले. सिलेंडरवर तळवा ठेवला आणि तो सावकाश अर्धा फिरवला. भिंतीकडची बाजू उजेडात आली.

वरच्या काठाच्या बोटभर खालपासून तळापर्यंत तो उभा फाटला होता. फटीतून बोट आत जात होतं. धैर्यशीलनं ते घालून बघितलं. फटीच्या कडेला लोखंड पत्र्याच्या डब्याएवढं पातळ झालं होतं.

हातातला खडू त्यानं खाली ठेवला.

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं. तो लागला, बंद पडला, पुन्हा लागला...

"कुणाची गाडी ही?"

मिस्त्री पेन्सिली गोळा करून एकेक परत आत टाकत होते.

"माझीच."

"आणि कापला कुणी?"

"मीच. एकोणीस वर्षांचा होतो. गणित बरोबर होतं."

धैर्यशीलला एकदम भीती वाटली. खोक्यापासून खिडकीपर्यंतच्या धुळीत पाय ओढल्याची लांब रेघ उमटली होती. ती त्यानं चार वर्षं रोज झाडली होती. आज तो तिच्याकडं बघतच राहिला. त्याला गप्प बसायचं होतं. पण स्वभाव कुठला जायला?

"वाघजाईलाच?"

"व्हय."

"मग... तुम्ही कितवे आला होता?"

शेवटचं पातं आत टाकून मिस्त्रींनी सिलेंडर पुन्हा होता तसा फिरवून ठेवला.

"पहिला होतो," ते म्हणाले. "तिसऱ्या वळणापर्यंत."