महाराजांची छाती आणि बाराबंदी

नवी बाराबंदी पुन्हा ढगळ झाली होती, आणि बोरगडचे भानुसिंह महाराज पुन्हा भडकले होते.

चूक कुणाची, ते अख्ख्या दरबाराला ठाऊक होतं. माप द्यायला उभे राहिले की महाराज श्वास भरून छाती अशी फुगवत, की गोंदा शिंप्याची दोरी पुरायची नाही. माप झालं की छाती खाली, आणि बाराबंदी खुंटीवर टांगल्यासारखी लोंबायची. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

"दसऱ्याला बाराबंदी अंगाला नेमकी बसली पाहिजे," महाराज गरजले. "श्वास घेतला तर ताणली जाता कामा नये, सोडला तर लोंबता कामा नये. नाहीतर सुई-कात्री इथं ठेव आणि गाव सोड!"

गोंदा घरी येऊन मटकन बसला. "येसू, बोचकं बांध पोरी. चार पिढ्यांचं दुकान गेलं."

"बोचकं राहू द्या, आबा," लेक म्हणाली. "यंदा माप मी घेते."

दुसऱ्या दिवशी दरबारात तिनं महाराजांना श्वास सोडायला लावला. "अजून सोडा, महाराज. अजून. थोडा आत उरतोच, तो राहू द्या." आणि झटकन दोरी आवळली.

दसऱ्याला बाराबंदी चढवून महाराज आरशापुढं उभे राहिले. कुठं लोंबणं नाही, कुठं सुरकुती नाही. खूश होऊन त्यांनी श्वास घेतला आणि तट्कन एक बंद तुटला.

"घट्ट आहे ही!"

"बाराबंदी मापात आहे, महाराज. छातीच मापात राहत नाही. तिला हुकूम द्या ना."

"आमची छाती आमच्या हुकुमाबाहेर?" महाराजांनी श्वास रोखला. गाल फुगले, कान लालभडक झाले, डोळे बाहेर यायला लागले. शेवटी तोंड उघडलं, बरगड्या वर उचलल्या आणि तट्, तट्, तट्! आणखी तीन बंद गेले.

"हा श्वास कुणाच्या हुकुमानं घेतला?" येसूनं विचारलं.

"आपोआप आला," महाराज धापा टाकत म्हणाले.

"भाता पसरल्याशिवाय वारा आत येत नाही, महाराज. छातीचंही तसंच. जी छाती महाराजांचं ऐकत नाही, ती आबांच्या सुईचं काय ऐकणार?"

गोंदानं डोळेच मिटून घेतले. मग महाराजांचं पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की उरलेले बंदही तुटून बाराबंदी पुढून सताड उघडली.

येसूनं गाठोड्यातून दुसरी काढली. हिच्या काखेखाली, हाताच्या आडोशाला, भात्यासारख्या चुण्या होत्या. श्वास घेतला की उघडायच्या, सोडला की मिटायच्या. महाराजांनी ती घालून चार वेळा श्वास घेऊन पाहिला, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं. गोंदाचं दुकान गावातच राहिलं.

"पण पोरी," महाराजांनी मिशीला पीळ दिला, "पुढच्या मापाला आम्ही पुन्हा छाती फुगवली तर?"

"फुगवा की, महाराज. मी दोरी धरून उभी राहते. किती वेळ फुगवाल?"