सोनेरी काठाचा वाडगा

फार वर्षांपूर्वी, भांडी बोलत असत तेव्हा, एका स्वयंपाकघरात सोनेरी काठाचा नक्षीदार वाडगा आला. पातेली, ताटं, वाट्या त्याच्यापुढे लोटांगण घालू लागली. लाचारांची नुसती पंगत बसली आहे, असं लोखंडी पळीला वाटे.

रोजची आंबट कढी वाडग्यातच काढत. कढी वाढताना पळीला त्याच्या तळाची नक्षी पुसट झालेली दिसली. ती म्हणाली, "अरे, तुझा रंग कढीत उतरतोय. त्यात शिसं असलं तर? एकदा तपासून घे."

"परीक्षा तुझ्यासारख्या काळ्या तोंडांची घेतात, घरंदाजांची नाही," वाडगा फणकारला. सगळी भांडी खदखदून हसली.

पुढे घरातली धाकटी सगुणा पोटदुखीने वाळू लागली. वैद्यांनी भांडी तपासायला घेतली. प्रत्येकात चिंचेचं पाणी भरून ठेवलं. वाडग्यातलं पाणी तेवढं रंगीत झालं, आणि वैद्यांना त्यात शिसं सापडलं. वाडगा फोडून पुरला. सगुणा हळूहळू सावरली.

"आम्हाला पहिल्यापासून संशय होताच," पातेलं म्हणालं. ताटांनी त्याचीच री ओढली.

पळी म्हणाली, "हो का? मग पोर कळवळत होती तेव्हा तुमचा खणखणाट कुठे गेला होता?"